सुभेदारांचा प्लेअर पुन्हा आला

६ फेब्रुवारी २०२४, मंगळवार

झुरळं! पिल्लांसकट! झाकणाचे स्क्रू काढले आणि टेबलभर पळाली. एक तर माझ्या बाहीत शिरलं. दोनदा साबणानं हात धुतले तरी अजून अंग शिरशिरतंय.

सीडीचा प्लेअर. वस्तीवरच्या सुभेदार लालासाहेबांचा. फौजेतून रिटायर झालेला माणूस. मिशा पिळलेल्या, बुटाला पॉलिश असं की तोंड दिसावं — आणि घरातल्या यंत्रात झुरळांची बाळंतिणीची खोली!

दुकानात पुढं अमीर मोबाइल करतो. नवऱ्याचं काम चकचकीत. पडद्यामागं माझं टेबल. रहिमतपूरची सगळी अडगळ माझ्या वाटणीला — मिक्सर, रेडिओ, सीडीचे प्लेअर. अजून वापरतात लोक. लग्नाच्या सीड्या, बारशाच्या सीड्या, गेलेल्या माणसांच्या सीड्या. सीडी जपतात फडक्यात गुंडाळून आणि यंत्र उकिरड्यावर फेकल्यासारखं ठेवतात. वर मलाच विचारतात, "हल्लीची मशिनं टिकत का न्हाईत वो?"

कशी टिकतील? थुंकू का तोंडावर?

सुभेदार म्हणाले, "वहिनी, तेवढं आजच करा. आमच्या सुलाबाईला लागतं ते." सुलाबाई म्हणजे त्यांची बायको. गेल्या वर्षी लकवा मारला, तेव्हापासून अंथरुणात. बोलणंही गेलं. सकाळ-संध्याकाळ हे तिला सीडी लावून देतात. "तेवढाच तिचा इरंगुळा," म्हणाले.

एवढं ऐकून राग जरा उतरला. कोण करतो बायकोसाठी एवढं!

७ फेब्रुवारी, बुधवार

झाला. बिघाड म्हणाल तर काहीच नव्हता. सीडी वाचणारं ते भिंग असतं ना, मसुराच्या डाळीएवढं — त्याच्यावर चुलीच्या धुराचा आणि उदबत्तीचा चिकट थर. आपल्या डोळ्यावर तूप चोपडलं तर आपल्याला दिसेल का? तसंच. कापसाच्या बोळ्यानं हळूच पुसलं, चालू.

सीडीवर बोटांचे ठसे! तेही पुसले — मधून कडेकडे, सरळ. लोक पदरानं गोल गोल घासतात, मग चरे पडतात आणि मशीन त्या चऱ्यावर अडकून तडफडत बसतं. सुभेदारांना सगळं सांगितलं. देवघराजवळ ठेवू नका, चुलीजवळ नको. ते ताठ उभे राहून ऐकत होते, जणू कर्नलसाहेबच बोलतायत.

२१ फेब्रुवारी, बुधवार

परत आला! या वेळी झुरळं नाहीत. आत करपलेला वास. विचारलं, ठेवता कुठं? तर टीव्हीच्या केबलच्या डब्यावर. डबा आधीच तापतो, त्याच्या डोक्यावर हा. आणि याच्या डोक्यावर सुनेनं विणलेलं लोकरीचं झाकण, गुलाबी, झालरीचं! वरच्या जाळीतून वाफ बाहेर जायची, तीच बंद. तापात पडलेल्या माणसाला गोधडी पांघरून उन्हात बसवायचं आणि मेला की म्हणायचं, कच्चा होता बिचारा.

शिवाय रात्रभर बटण चालू. वस्तीवर शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की लाइट कमी-जास्त होते, तो प्रत्येक झटका याच्या छातीवर.

सगळं खडसावून सांगितलं. झाकण काढा. खाली दोन विटा ठेवा, हवा खेळू द्या. स्टॅबिलायझर लावा. काम झालं की पिनच उपसा. आणताना सीडी आत ठेवून आणू नका, हिसक्यानं आतलं सरकतं.

"व्हय वहिनी. आगदी तसंच करतो."

५ मार्च, मंगळवार. सांगली

त्याच प्लेअरचं भिंग तापून गेलं, म्हणून नवा सेट आणायला आले. जुन्या सामानाची एकच गल्ली उरलीय. दुकानदार दात कोरत बसला होता. "कोण वापरतंय आता हे, ताई?" — आणि दात कोरायच्या काडीनंच दाखवून, "त्या खोक्यात शोधा."

खोक्यात सगळे 'नवे' सेट. नवे कसले! भंगारातले काढून, स्पिरिटनं पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत भरलेले. एकाच्या कडेला जुनी धूळ तशीच. मी दाखवली, तर निर्लज्जासारखा हसला. असं मढं बसवायचं आणि शिव्या दुरुस्ती करणाऱ्यानं खायच्या.

सगळं खोकं उपसलं तेव्हा एक खरोखरचा नवा मिळाला. येताना एसटीत शेजारची बाई उलटी करत होती. दिवसच तसला.

१७ मार्च, रविवार

रोज्याचा दिवस. तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि या माणसानं काय आणावं? उघडला तर आत दूध. नासलेलं! हिरवट पिवळं, सर्किटच्या पट्टीवर साय धरलेलं, त्यात मुंग्या मेलेल्या. वास असा की मागच्या दारात जाऊन कोरड्या ओकाऱ्या काढल्या.

सुभेदारांना म्हटलं, "दूध कुणी ओतलं यात?"

"सांडलं आसंल."

"सांडलं? वरच्या जाळीतून, नेमकं?"

तर माणूस हसला! मिशीतल्या मिशीत, खूश झाल्यासारखा. मला इथं ओकाऱ्या येतायत आणि हा हसतो!

१९ मार्च, मंगळवार

सकाळी अमीर म्हणाला, "एकच मशीन किती वेळा येतं ताहेरा? लोक बघतात. तुझा हात आता बसत नाही त्यावर. तुझं टेबल काढून तिथं मोबाइलच्या कव्हरांचा स्टँड लावू." सहज म्हणाला. चहा उकळला का, असं विचारावं तसं.

अब्बा गेल्यावर त्यांच्या या टेबलावर मी बसले. लग्नात आलं ते माझ्याबरोबर. काढू म्हणे.

काही बोलले नाही. प्लेअर धुतला, वाळवला, जोडला. सुभेदार सीडी आतच विसरले होते, तीच लावून बघितली. इतके दिवस मला वाटायचं भजनं असतील, नातवंडं असतील.

त्यांचाच सत्कार! रिटायर होऊन गावी आले तेव्हाचा. मांडव, फेटे, हार. आणि मग सुभेदारांचं भाषण. संपता संपेना. बर्फातली चौकी, गोळीबार, कोण कुठं पडला. आभार कुणाकुणाचे — कर्नलसाहेबांचे, लंगरच्या आचाऱ्याचे, सरपंचांचे. चौकीवर सामान वाहणाऱ्या खेचराचे! नाव घेऊन! "आमचा मोती नसता तर आमी उपाशी मेलो आसतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बायकोचं नाव नाही. मी शेवटपर्यंत थांबले. नाही म्हणजे नाहीच.

एकदा मात्र कोपऱ्यात एक बाई दिसते. नारळाचं ताट घेऊन उभी, डोक्यावर पदर. कॅमेरेवाल्याचा आवाज येतो — "वहिनी, जरा बाजूला व्हा की, मधी येताय." आणि ती बाजूला होते.

नवरा सीमेवर असताना हिनं घर ओढलं असणार. शेत, पोरं, सासू-सासरे. आणि आता ती अंथरुणात पडलेली, तोंडातून शब्द नाही, मान वळवून निघून जायची सोय नाही — तिला सकाळ-संध्याकाळ हेच दाखवतो हा. आणि नाव काय, तर विरंगुळा! दुधापेक्षा जास्त किळस मला याची आली.

१२ एप्रिल, शुक्रवार

ईदचा शिरखुर्मा अजून पातेल्यात आहे. आणि प्लेअर दारात! या वेळी चहा. साखर सुकून चाक्या चिकटलेल्या.

अमीर वैतागला. त्यांना म्हणाला, "साहेब, सीडीतलं सगळं पेनड्राइव्हवर भरून देतो. टीव्हीला मागं लावा. हे मशीनच नको, बिघडायचा प्रश्नच मिटला."

"न्हाई. मशीनच पायजे."

"अहो पण —"

"आमीरभाई, मशीनच. सुलाबाईच्या खाटंशेजारी ठेवता यील असं."

हट्टी म्हातारा. अमीरनं माझ्याकडं असं बघितलं की दोष माझाच. ईद झाली की टेबल हलवू म्हणत होता, ते आता ठरल्यातच जमा.

२३ एप्रिल, मंगळवार

आज स्कूटी काढून सरळ वस्तीवर गेले. प्लेअर मीच घेऊन गेले. म्हटलं, माझ्या डोळ्यांनी बघते कोण ओततं ते. पोरं असतील, नाहीतर सून. माझ्या नावाला बट्टा लागतोय, टेबल जायची वेळ आली, आणि मी गप्प बसू?

सून रेश्मा दारात आली. घर आरशासारखं. मला खोटं पाडल्यासारखं! दोन विटा ठेवलेल्या. स्टॅबिलायझर. लोकरीचं झाकण नाही. उदबत्ती पार दुसऱ्या खोलीत. पुसायला मऊ फडकं, घडी घालून. मी सांगितलेला शब्द न शब्द पाळलेला. प्लेअर मात्र टीव्हीखाली नाही, लांब वायर ओढून खाटेला लागून स्टुलावर.

"आमी कुणी हात बी लावत न्हाई बगा त्याला," रेश्मा म्हणाली. "मामंजीच लावत्यात, मामंजीच बंद करत्यात."

सुलाबाई खाटेवर टेकून बसवलेल्या. केस विंचरलेले, कपाळावर कुंकू, अंगाला पावडरचा वास. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र लख्ख. सुभेदारांनी सीडी लावली, चहाचा पेला स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, "बगा सुलाबाई, सुरू झालं आपलं!" मग मोटार बघायला म्हणून उसात गेले. रेश्मा भाकरी थापायला आत.

मी आणि ती. भाषण सुरू झालं. कर्नलसाहेब आले. आचारी आला. खेचर आलं.

आणि सुलाबाईंचा हात उठला. थरथरत, इंच इंच. पेल्याला बोटं लागली, सुटली, परत लागली. कपाळावर घाम. मला वाटलं तहान लागलीय, मी पुढं झाले — तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी जागच्या जागी थांबले. पेला उचलला. जाळीवर धरला. आणि ओतला. सगळा. नेम धरून.

पडद्यावर सुभेदारांचं तोंड उघडं राहिलं, मग निळं झालं सगळं. सुलाबाईंनी पेला सोडला आणि डोळे मिटले. दमल्या होत्या. पण चेहरा — पोटभर जेवल्यासारखा.

खाली सांडलेलं मी माझ्या ओढणीनं टिपलं. रेश्माला काही बोलले नाही. पिन उपसली, प्लेअर काखेत मारला आणि निघाले. उसाच्या कडेला सुभेदार भेटले, "काय झालं वहिनी?" मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

२४ एप्रिल, बुधवार

खरं सांगितलं तर माझं टेबल वाचतं. आणि त्या बाईच्या हातात उरलेली एकच गोष्ट जाते. पेला लांब ठेवतील, संपलं. मग भाषण सकाळ-संध्याकाळ, मरेपर्यंत.

अमीरला म्हटलं, "माझ्याच्यानं होत नाही हा प्लेअर. सांग त्यांना, मेला."

"मग टेबल?"

"काढ."

चहाचा चिकट वास अजून ओढणीला आहे. धुवायला टाकली नाही. कुणाची किळस येतेय तेच कळेना — त्याची, अमीरची, का माझी.

२६ एप्रिल, शुक्रवार

सुभेदार आले. अमीरनं सांगितलं, मशीन मेलं. तर पडदा सारून थेट माझ्यापाशी. आवाज अगदी खाली आणून म्हणाले —

"वहिनी, त्या दिवशी बघितलंसा न्हवं तुमी?"

मी हातातला स्क्रू डबीत टाकला.

"मला म्हाईत हाय. पेला मीच ठेवतो तिच्या हाताशी." मग मिशी थरथरली. "आदी मला बी वाटायचं, तिला आवडतंय. मग मशीन डब्यावरनं काढून तिच्या खाटंशी ठेवलं, आन त्या दिवशी तिनं दूध सांडलं. उजव्या हातानं, वहिनी! वरीसभर पडून हुता तो. मालिश केली, डाक्टर केलं, बोट हाललं न्हवतं. माझ्या भाषणाचा राग आला तवा हाललं. आदी नुसता धक्का मारायची. आता उचलती."

मग डोळे पुसले आणि म्हणाले, "तेवढं दुरुस्त करा. पर लय पक्कं करू नगा."