उलटी टोपी

प्रिय दादा,

बाबांची फोरमनची खुर्ची आता माझी आहे, आणि काचेच्या भट्टीवर माझाच नियम चालतो. ज्याचं मन थाऱ्यावर नाही, त्यानं टोपी उलटी घालून यायचं. कारण कोणी विचारत नाही. त्या दिवशी तो भट्टीसमोर उभा राहत नाही, पॅकिंगला बसतो, पगार तोच. आणि टोपी कोणाची उलटी होती, ते बाहेर बोलायचं नाही.

तुझे हात थरथरायला लागले आणि तू काम सोडून घरातूनही निघून गेलास, तेव्हा बाबा म्हणाले होते, "भट्टी लेच्यापेच्यांची नाही." माझा नियम ऐकूनही हसले. "उद्या सगळेच टोप्या फिरवतील, बघ!"

तसं काही झालं नाही. पहिली टोपी कोणी फिरवली ते सांगणार नाही, पण त्याला पाहून रेडाही वाट सोडेल. दुसऱ्या दिवशी तो टोपी सरळ घालून आला आणि मला कडक सलाम ठोकला. माझी छाती काय फुगली म्हणून सांगू!

आज सकाळी बाबा तुझ्या खोलीत बसले होते. डोक्यावर त्यांची जुनी टोपी, उलटी. मी काही विचारलं नाही. चहा ठेवला आणि शेजारी बसले. चहा पार निवल्यावर ते म्हणाले, "त्याला तेव्हा पॅकिंगला बसवायला हवं होतं गं."

नियम माझाच, म्हणून हे पत्र टाकणार नाही. फोन करून तुला फक्त 'ये' म्हणेन. बाकीचं त्यांच्याच तोंडून ऐक.

तुझी धाकटी,
फोरमनबाई