आईचं परतीचं तिकीट

चिरंजीव धाकटोबा,

आशीर्वाद घे, त्याला पैसे पडत नाहीत.

या बेटावर यायचा खरा खर्च म्हणजे सकाळचा नाश्ता, एक चप्पल आणि चारचौघांतली अब्रू. नाश्ता बोटीत उलटतो, चप्पल धक्क्यावर उतरताना पाण्यात जाते, आणि तुझ्यासारख्या वजनदार माणसाला दोन खलाशी बखोटीला धरून वर ओढतात, तेव्हा सगळा धक्का हसतो. बोटीत मागे बस. औषधं घरूनच आण. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, तोही समुद्राची लहर असली तर.

माझं झकास चाललंय. आपला लॉज कायम भरलेला. एकदा आलेल्याचा इथून पाय निघत नाही. आईला एवढंच वाचून दाखव.

परवा फोनवर तू म्हणालास, "आईला जरा हवापालट होईल." मागून तुझ्या बायकोचा आवाज आला, "त्यांना एकदाचं सोडून या, मग भावोजी जाणोत आणि सासूबाई जाणोत."

माझे कान अजून शाबूत आहेत, बाबा. तेव्हा तिघांचंही परतीचं तिकीट काढ, आणि आईचं आधी काढ. तिला ठेवून निघालास, तर बोटवाला माझा दोस्त आहे, तो तुम्हाला चढू देणार नाही.

तिचे गुडघे कसे आहेत? माझी आठवण काढते का?

तुझा दादा

ता. क. आईचं करायला इथे कुणी नाही. तुझी वहिनी गेल्या महिन्यात माहेरी गेली. तिने फक्त जायचं तिकीट काढलं.