मानमोडीचे गोखरू

कळसाडी, ता. ९ डिसेंबर १९४६

चि. रूपचंद यास सुकलालकाकाचे अनेक आशीर्वाद. तुझी आजी कौसाबाई ठणठणीत आहे, म्हणजे माझ्यावर रोज वेळेवर चिडते. तुझी प्रकृती, जेवण आणि प्रयोगशाळेतल्या कोंबड्या कशा आहेत ते कळव.

तुझं पत्र म्हणजे काय सांगावं! तू लिहितोस, मानमोडीच्या तापाच्या (तुमचा इन्फ्लुएन्झा) जंतूला अंगभर गोखरूसारखे काटे असतात, त्यांनी तो आपल्या अंगात अडकतो, काटे नव्या जातीचे निघाले की कुणाचंच रक्त त्यांना ओळखत नाही, म्हणून साथ माणसं खाते. १९१८ साली जे वाचले त्यांच्या रक्तात ती ओळख अजून असेल, तर दहा म्हाताऱ्यांचं रक्त पाठवा. मी (गाढव!) ते चावडीवर मोठ्याने वाचलं. त्यात माझा स्वार्थ होता, लपवत नाही. त्या साली ताप आधी मला आला. तुझा बाप, माझा भाऊ नवल, चोवीस वर्षांचा पैलवान गडी, माझ्या लोट्यातलं पाणी प्याला आणि आठवड्यात गेला. मी काटकुळा, मी वाचलो. तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं आजी माझ्या हातचं पाणी पीत नाही. वाटलं, शास्त्र ऐकून तरी पिईल.

ऐकलं ते हिंमतराव पाटलांनी. म्हणाले, बैलाच्या शेपटीला तेल चोळलं की गोखरू धरत नाही, मग माणसाला कसा धरेल? झालं! सगळ्या गावाने नाकपुडीपासून टाचेपर्यंत तिळाचं तेल चोपडलं. त्याच दिवशी शहाद्याहून कंपाउंडर रक्त काढायला आले (वा, काय मुहूर्त!), तर एकाचाही दंड त्यांच्या हातात राहीना. आपली शेजारीण दगूबाई तर निसटून थेट त्यांच्या पेटीवर बसली. दहापैकी सात बाटल्या फुटल्या. गाव मात्र खूश आहे, कारण अजून कुणाला साधी शिंकही आलेली नाही. आजीने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मंग तुन्हा लोटामा गोखरू कोनी टाकं?" म्हणजे काटे खरे, पण ते माझ्याच लोट्यातले! तुझ्या शास्त्राचे फार उपकार झाले.

तुझा तेलकट काका,
सुकलाल

ता.क. उरलेल्या तीन बाटल्या भरून पाठवतो. एक माझी आहे. कंपाउंडर म्हणाले मी ओरडलो; त्यावर विश्वास ठेवू नकोस.

आणखी ता.क. रक्ताचं काय ते सावकाश बघ. आधी प्रयोगशाळेच्या छापील कागदावर, शिक्का मारून आजीला एक पत्र लिही, की दोष काट्यांचा, सुकलालच्या लोट्याचा नाही. तसं सिद्ध झालं नसलं तरी लिही. ती ऐंशीची झाली.

शेवटचा ता.क. खरं काय निघालं, ते मला मात्र कळवू नकोस.