दोन रात्रींची अट

परळ, मुंबई
कार्तिक वद्य पंचमी, सन १९३४

तीर्थरूप आबांच्या पायांवर झुलालचा दंडवत.

आम्ही इकडे खुशाल आहोत. खोली मिळाली, पण कशी मिळाली ते ऐकाच. धाकटी मंजुळा वाचून दाखवील. तिने रागाचा मजकूर गाळू नये.

तुमचा मोतीबिंदू काढायचा, म्हणून आधी डोळ्यांच्या इस्पितळाजवळ गिरगावात खोली पाहिली. नळ दारात, शेजार मास्तरांचा. सगळं ठरलं, तेव्हा चाळीचा मालक म्हणतो, "पाहुणा दोन रात्रींच्या वर राहता कामा नये." मी म्हटलं, वडील येणार आहेत. तर म्हणे, "वडील म्हणजे पाहुणेच की!" आपल्या धरणगावात अनोळखी माणूस ओट्यावर टेकला, तरी कधी निघणार म्हणून कोणी विचारत नाही. आणि इथे जन्मदात्या बापाच्या रात्री मोजायच्या? मी चपला घातल्या आणि चालता झालो.

आता परळात राहतो. इस्पितळ लांब पडेल, गिरणीच्या धुराने वाळत घातलेलं धोतर काळं होतं. पण घरमालकीण ताईबाई आपल्या चोपड्याकडची. मी आधीच अट विचारली, तर माझ्यावरच खेकसली, "तुना बाप शे ना? मंग पाहुना कसा?"

डोळ्यांतलं पाणी थांबलं का? एकटे विहिरीवर जात नाही ना?

काल मंजुळाच्या हातचं तुमचं पत्र आलं. लिहिता, "दोन दिवसांत परत जाईन, तुम्हाला अडचण नको." आबा, त्या मालकावर चिडून मी गिरगाव सोडलं. तुमच्यावर चिडून कुठे जाऊ?

वाट पाहणारा,
झुलाल