बाबाचा पांढरा कोट

पवनी, १० सप्टेंबर २०००

तीर्थरूप तेजरामदादा यांस धाकटी बहीण सुमनचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सारे बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे ते लिहू नको, वहिनीनं फोनवर सारं सांगितलं (अर्धा तास).

आता कामाचं. बाबाचा कोट विहारात लावता येत नाही.

बाबा गेल्यावर त्यांची ट्रंक उघडली तेव्हा तूच म्हणाला, छप्पन साली बाबा नागपूरले दीक्षेले हाच कोट घालून गेले होते. कोटाले छातीशी धरून रडला. तुले पाहून मी पण रडली. विहाराच्या कमिटीनं लगेच काचेची पेटी बनवाले टाकली. पण सचिव हिरालालभाऊ म्हणे, खाली पाटी लावाची आहे, पुरावा पाहिजे. कॉलरच्या आत शिंप्याची पट्टी निघाली, 'प्रभात टेलर्स, गोंदिया, जि. भंडारा'. ती वाचून हिरालालभाऊ म्हणे, पट्टी खोटी आहे, गोंदिया तर वेगळा जिल्हा आहे. मी म्हटलं, अहो, जिल्हा मागच्या वर्षी तुटला, कोट काय मागच्या वर्षीचा आहे? तर एकदम उभे राहून म्हणे, म्हणजे कोट जुना आहे, सिद्ध झालं! सारे टाळ्या वाजवून राहिले. (अशानं तर माझी चहाची गाळणी पण छप्पन सालची ठरल.)

मले राहवलं नाही. कोट पिशवीत टाकला आन एसटीनं गोंदिया गाठलं. म्हातारे शिंपी अजून मशीनवर बसतात. पट्टी पाहून म्हणे, "बाई, हे दुकानच मी सत्तर साली टाकलं. छप्पन साली मी चड्डीत फिरत होतो." मग कोट उलटा करून डावा खांदा दाबला. "इथं मी जास्तीचा कापूस भरला. नवरदेवाचा एक खांदा उतरता होता. तुमच्यात लग्नाले पांढरे कपडे लागतात ना, सासऱ्यानं शिवून देल्ला."

दादा, बाबाचे दोन्ही खांदे दाराच्या चौकटीसारखे सरळ होते. चिंचेवरून पडून खांदा कोणाचा उतरला, ते मी लिहीत नाही. गोंदियाचा सासरा कोणाचा, ते पण लिहीत नाही. तू स्वतःच्या लग्नाच्या कोटाले धरून रडला. बाबानं तो डांबरगोळ्या टाकून इतका जपला होता की मी पण फसली.

तब्येतीले जप. लहानग्यांना पापा.

तुझी बहीण
सुमन

ता.क. वहिनीले फोन केला. ती म्हणे, मले पहिल्याच दिवशी कोट ओळखू आला होता, पण हे एवढे रडून राहिले होते, मधात कसं बोलू?

ता.क. २. खरं काम हे आहे. गोंदियाहून परत येताना एसटीत आठवलं, आई सांगे, बाबाजवळ कोट नव्हताच, धुतलेला पांढरा सदरा घालून ते दीक्षेले गेले. तुझा सुगत झाला तेव्हा आईनं त्याच सदऱ्याचं दुपटं शिवलं. ते वहिनीच्या ट्रंकेत तळाशी आहे. दसऱ्याच्या आधी पाठव. धुऊ नको, विरून जाईल. (सुगतनं त्यावर जे काही केलं असल, ते हिरालालभाऊले सांगू नको. ते त्याचा पण पुरावा मागतील.)

ता.क. ३. काचेची पेटी कोटाच्या मापाची बनली आहे. दुपटं त्यात एवढंसं दिसल. दिसू दे. बाबाजवळ तेवढंच कापड होतं.