गाऱ्हाण्याची तालीम

५ जानेवारी, सोमवार
नंदूने आज बॉम्ब टाकला. २६ला चाळीची सत्यनारायणाची पूजा. घशाच्या ऑपरेशनपासून अण्णांचा आवाज म्हणजे नुसती खरखर, मग पूजेनंतर सगळ्या चाळीसाठी देवाकडे मागायचं गाऱ्हाणं यंदा कोण घालणार? नंदू मंडळाचा सेक्रेटरी. म्हणतो, "टेन्शन नको. अण्णांचं मागच्या वर्षीचं माझ्या मोबाईलमध्ये आहे. स्पीकरला लावू, झकास!"
अण्णांचा चेहराच उतरला. "देवाक मोबायल ऐकवतलास?" मग माझ्याकडे, स्वतःच्या लेकीकडे, बोट. "बाय घालतली."
मी! ऑफिसातल्या निरोपसमारंभात दोन वाक्यं बोलून खुर्ची समजून टेबलावर बसलेली मी.

७ जाने.
लोकलमध्ये दहिसरला उतरेपर्यंत कागदावर लिहून काढलं. रात्री जेवणाआधी वाचलं. "उपस्थित सर्व मान्यवर..." अण्णांनी कपाळाला हात लावला.
"शाळेत आसस? घरातल्या म्हाताऱ्याशी बोलतंस तसा बोल देवाशी. हक्कान."
"म्हणजे तुमच्याशी बोलते तसं?"
"त्येच्यापेक्षा जरा मानान."

११ जाने., रवि.
गॅलरीत तालीम. दर 'म्हाराजा'ला 'व्हय म्हाराजा' म्हणायला समोर अण्णा, नंदू, शेजारच्या शुभाकाकू. वाट लागली. दम संपला किंवा पुढचं आठवलं नाही, की माझ्या तोंडून 'म्हाराजा' निघतं, लोक 'अंऽऽ' करतात तसं. आणि 'म्हाराजा' कानावर पडलं की कोकणातला माणूस गप्प बसत नाही.
"जी काय इडापिडा आसात, ती ह्या चाळीच्या दारात म्हाराजा—"
"व्हय म्हाराजा!"
पुढचं 'पाय ठेवूक देवू नको' पोटातच राहिलं. शुभाकाकू हसून हसून खाली बसल्या. कागद फाडणार होते. पण अण्णाही हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. नाही फाडला.

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ खाऊनही अण्णांचं "परत म्हण" चालूच. कुकरची शिट्टी झाली तरी थांबायचं नाही म्हणे, मांडवात पोरं फटाके लावतात. आज शिट्टीला हरवलं. डाळ करपली.

१९ जाने.
एकदाही अडखळले नाही! 'म्हाराजा' जिथल्या तिथे. जोर आला म्हणून शेवटी माझं एक मागणं जोडलं, "आमच्या अण्णांक आवाज परत दी रे म्हाराजा."
नंदू, काकू 'व्हय' म्हणाले. अण्णांनी हात वर केला. "ता काढ. मागणाऱ्यान आपल्या घरासाठी मागूचा नाय."
आत्ता कळलं. नंदूची नोकरी, काकूंच्या सुनेचं बाळंतपण, सगळं अण्णांनी दरवर्षी मागितलं, आमचं कधीच नाही. मला वाटायचं, विसरतात.
म्हटलं, "मागणारी आता मी आहे, अण्णा. तुम्ही नाही."
"मग मी कोण? तुझ्या घरचोच ना?"
ह्या माणसावर माझा फार जीव आहे आणि फार राग येतो.

२५ जाने., रवि.
माइक टेस्टिंग. नंदूने सहज ते रेकॉर्डिंग लावलं. अण्णांचा तो आवाज, खणखणीत, पार कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत. खालची पोरं सवयीने ओरडली, 'व्हय म्हाराजा!' अण्णा उठून आत गेले.
"बंद कर रे," नंदूला म्हटलं. त्याने केलं. पण "राहू दे ना, समजा तू अडकलीस तर," म्हणत मोबाईल स्पीकरजवळच ठेवला. मी डॉक्टरांना फोन केला होता. आवाज येईल की नाही, अजून 'बघू'च.

२६ जाने., संध्या. ६
आरती चालू झाली. साडी नेसून तयार आहे. चहा तीनदा झाला. कागद नेणार नाही. ती ओळ म्हणायची की नाही, अजून ठरत नाही. अण्णांचा शब्द मोडायचा, तोही देवासमोर?
अण्णा टोपी घालून आत्ताच खाली गेले. जाताना दारात थांबून म्हणाले, "म्हाराजा म्हटल्यार थांब गो. आमका व्हय म्हणाक वेळ दी."
आमका. इतकी वर्षं देवापुढे उभे राहिलेले अण्णा आज समोर, सगळ्यांत बसणार. मी ते मागितलं, तर माझा बाप 'व्हय' म्हणेल?
नंदू हाक मारतोय. जाते.