दुकानाची किल्ली आयशाची

मी, महंमद हनीफ अब्दुलगनी कागदी, वय चौऱ्याहत्तर, धंदा बँडच्या वाद्यांची दुरुस्ती, राहणार जुन्नर, हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असल्यास कोणतंही बिघडलेलं ट्रम्पेट आणून द्यावं.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक पत्नी जैबुन्निसा आणि मुलगा रिजवान यांच्यात शरियतप्रमाणे वाटावी. ओसरीवरची उन्हाची जागा मात्र जैबुन्निसाची. तिथे रिजवानने मोटारसायकल लावू नये.

२. दुकान व सारी हत्यारं सून आयशा हिला. रिजवानला तिथे मोबाइल विकायचे आहेत. म्हणतो, "अब्बा, बाईमाणूस पितळ ठोकणार व्हय?"

त्याला उत्तर असं. गेल्या लग्नसराईत राजुरीचे बँडमास्तर गेणभाऊ आपलं ट्रम्पेट घेऊन तणतणत आले. "वॉल्व्ह झिजलं राव! सूर फुसका येतोय. मोडीतच घालतो!" माझ्या डोळ्याला ऑपरेशनची पट्टी, वरात तासाभरावर. आयशाने वॉल्व्हची कळ न दाबता त्याची नळी खसकन ओढली. फट्ट! बाकीच्या दोन्ही वॉल्व्हच्या नळ्यांनीही तसाच आवाज दिला. झिजलेला वॉल्व्ह हवा धरत नाही, नळी मुकाट्याने निघते. हे मी तिला शिकवलं नव्हतं, तिने बघून उचललं.

"काका, वॉल्व्ह धडधाकट हायेत. पाणी काढायच्या भोकावर हे काय लावलंय?"

बूच पडल्यावर गेणभाऊंनी आपल्या चपलेचं रबर कापून तिथे चिकटवलं होतं! हवा तिथूनच गळत होती. आयशाने नवं बूच बसवलं आणि ट्रम्पेट असं वाजलं की पट्टीखाली माझा डोळा भरून आला.

३. माझं स्वतःचं ट्रम्पेट गेणभाऊंना. हनीफचे कान गेले, असं ते तालुकाभर सांगतात, तरीही. त्यांच्या चपला मात्र लांब ठेवाव्यात.

४. मयताला वाद्य नको.

इथवर लिहिलं आणि ध्यानात आलं, हा कागद मी गेल्यावर लागू होणार. मग आयशाच्या दुकानातला आवाज मी ऐकायचा कधी? सबब कलम २ रद्द. दुकान हत्यारांसह तिला आजच बक्षीस दिलं व ताबा म्हणून किल्ली तिच्या हातात ठेवली. शटर फार जड. ते रिजवानने वर केलं, न सांगता. मला फार बरं वाटलं.

ठिकाण: जुन्नर. दि. १२ जानेवारी २०२५
सही: म. हनीफ कागदी

साक्षीदार:
१. गोरख, शेजारचे शिंपी
२. गेणभाऊ, राजुरी (दुकानासमोर वाजवून आले. धाप लागल्याने सही वाकडी.)